पाकिटावरचे काजू पाकिटात आहेत का?



पॅकेजिंगवरचा व्हिडिओ टाकल्यापासून सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न येतोय. "सर, पाकिटावर टाकायला चांगला फोटो कुठून घ्यायचा?" लोणचंवाले विचारतात, पापडवाले विचारतात, घरगुती साबण बनवणाऱ्या ताई विचारतात. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी एकदा दिलेलं आहे आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एक ताई माझ्या बॅचला होत्या. भाजक्या पोह्यांचा चिवडा करायच्या. भरपूर लसूण, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, डाळं आणि मोजके काजू. चव अशी की वर्गात डबा फिरला की रिकामाच परत यायचा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, मेणबत्तीवर तोंड बंद करून त्या विकायच्या. दिवाळीच्या आधी त्यांनी ठरवलं की यंदा नीट पाऊच करायचे, त्यावर लेबल लावायचं आणि दुकानांत माल ठेवायचा.

त्यांनी स्वतः काढलेला फोटो मला पाठवला. ओट्यावर स्टीलची ताटली, वर ट्यूबलाइट, चिवडा अगदी मातकट दिसत होता. मी म्हटलं, "ताई, हा फोटो चालणार नाही. लोक आधी डोळ्यांनी खातात." आणि डिझायनरला सांगून इंटरनेटवरचा एक विकतचा फोटो लावून दिला. तांब्याची वाटी, पिवळाधमक पातळ पोह्यांचा चिवडा, हिरवागार कढीपत्ता आणि वर मूठभर अख्खे काजू. लेबल झकास झालं. ३,००० लेबलं छापली.

दिवाळीत माल हातोहात गेला. मी खूश, ताई खूश. दिवाळीनंतर त्या दुकानांत फिरल्या तर दोन-तीन दुकानदारांनी नवीन माल घ्यायला टाळाटाळ केली. कारण विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक विचारतंय, फोटोतले काजू कुठं गेले?"

चिवड्याच्या चवीबद्दल एकाचीही तक्रार नव्हती, हे लक्षात घ्या. काजू होते, अगदी नव्हते असंही नाही. पाकिटात चार-पाच तुकडे निघायचे. पण फोटोत दिसत होता पातळ पोह्यांचा काजूवाला चिवडा आणि आत निघत होता भाजक्या पोह्यांचा लसणाचा चिवडा. ताईंनी मला फोन करून जे सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणाल्या, "सर, साध्या पिशवीत विकत होते तेव्हा कुणी काजू मोजले नव्हते."

माझ्या इतक्या वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये मार्केटिंगचा याहून मोठा धडा मला कुणी दिलेला नाही.

डोळा आधी 'हो' म्हणतो

शब्दांवर माणूस शंका घेतो. पाकिटावर "महाराष्ट्रातला सर्वोत्तम चिवडा" असं लिहिलं तर वाचणारा मनात हसतो आणि पुढे जातो. पण चित्रावर शंका घ्यायची आपल्याला सवय नाही. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे ते आहेच, असं आपण धरून चालतो. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलं" हा आपल्याकडे पुराव्यातला शेवटचा शब्द असतो ना? त्यामुळे काजूचा फोटो बघणारा माणूस "यात काजू असतील का?" असं विचारत नाही. तो मनातल्या मनात काजू खाऊन मोकळा झालेला असतो. मग पाकीट फोडलं आणि काजू कमी निघाले की त्याला वाटतं, आपल्या वाटणीचे कुणीतरी काढून घेतले.

म्हणून माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. पाकिटावरचं चित्र ही सजावट नसते, ते ग्राहकाला दिलेलं वचन असतं. ते वाचायला तुम्ही शिकलात तर खरेदी करताना फसणार नाही आणि ते जपून दिलंत तर विकताना अडचणीत येणार नाही. या दोन्ही गोष्टी एकच विद्या आहे. छोट्या उद्योजकाला ती दोन्ही बाजूंनी लागते, कारण सकाळी तो विकणारा असतो आणि दुपारी कच्चा माल, मशीन, जाहिरात विकत घेणारा.

चित्र बघून घेणं आपल्याला नवीन नाही

ब्रिटिशांच्या काळात मँचेस्टरहून आपल्याकडे कापडाचे तागे यायचे. त्यांवर रंगीत कागदी लेबलं चिकटवलेली असायची. देव-देवी, हत्ती, वाघ, राजे. काडेपेट्यांवरही तसंच. युरोपातल्या काड्यांच्या कारखान्यांनी हिंदू देवतांची चित्रं छापून माल इथे पाठवला. कारण सोपं होतं. घेणाऱ्या बहुतेकांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण चित्र ओळखता येत होतं. 'अमक्या छापाचं द्या' असं म्हणायची सवय आपल्याला तिथूनच लागली.

आणि आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे राजा रविवर्मा यांचा छापखाना. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. देवळातला देव स्वस्तात भिंतीवर आला. आणि थोड्याच काळात तशीच चित्रं कॅलेंडरवर, लेबलांवर येऊन साबणापासून औषधापर्यंत सगळं विकू लागली. लक्ष्मीचं चित्र बघितल्यावर हात आपोआप जोडले जातात. त्या जोडलेल्या हातांत साबणाची वडी ठेवणं मग सोपं होतं.

पण जुन्या 'छापा'त आणि आजच्या फोटोत एक फरक आहे. छाप ही ओळख होती. मागच्या वेळी जो माल चांगला निघाला तोच हा, एवढंच ती सांगायची. काडेपेटीवरच्या वाघाकडे बघून कुणी आत वाघ शोधला नाही. आजचा फोटो मात्र आत काय निघेल तेच दाखवतो. म्हणजे ओळखीची जागा आश्वासनाने घेतली आणि आपण मात्र अजून त्याच जुन्या भरवशाने बघतोय.

सूपमधल्या गोट्या

आता थोडं अमेरिकेत जाऊ. कारण आपण जी चूक केली ती तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांनी आधीच करून ठेवली आहे. फुकटचा अनुभव आहे, घेऊन टाकू.

१९६०च्या दशकाच्या शेवटी कॅम्पबेल या सूप कंपनीच्या जाहिरातींवरून वाद झाला. वाडग्यातल्या सूपमध्ये भाज्यांचे तुकडे तळाला जाऊन बसायचे आणि फोटोत नुसतं पाणी दिसायचं. म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या. तुकडे वर आले, सूप भरगच्च दिसलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला आणि कंपनीला ते बंद करावं लागलं. भाज्या सूपमध्ये होत्या का? होत्या. खोटी वस्तू कुठली होती? एकही नाही. पण ग्राहकाच्या डोक्यात जे चित्र तयार झालं ते खोटं होतं.

आता माझ्या डिझायनरला आठवा. चिवड्यात काजू होते. आम्ही फक्त ते वर मांडले. म्हणजे आमच्या वाडग्यातही गोट्याच होत्या की!

दुसरी केस त्याआधीची. कोलगेट-पामोलिव्हच्या दाढीच्या क्रीमची टीव्ही जाहिरात. क्रीम इतकं मऊ करतं की सॅंडपेपरवर लावून लगेच ब्लेड फिरवलं तर त्यावरची वाळूसुद्धा साफ निघते, असं दाखवलं होतं. प्रत्यक्षात तो सॅंडपेपर नव्हताच, पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर वाळू चिकटवली होती. खरा सॅंडपेपर साफ व्हायला साधारण ८० मिनिटं भिजवावा लागत होता. कंपनीच्या बाजूने एक मुद्दा असा आला की खरा सॅंडपेपर टीव्हीवर साध्या रंगीत कागदासारखा दिसतो, म्हणून हे करावं लागलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये कोर्टाने निकाल दिला की प्रेक्षकाला पुरावा म्हणून जे दाखवता ते न सांगता बनावट वापरलं तर ती फसवणूकच आहे.

याच निकालात एक बारीक पण कामाची गोष्ट आहे. स्टुडिओतल्या दिव्यांखाली आइस्क्रीम वितळतं म्हणून त्याजागी कुस्करलेला बटाटा वापरतात, त्याचं काय? कोर्टाने फरक केला. एखाद्या दृश्यात लोक नुसते आइस्क्रीम खाताना दाखवायचे आहेत आणि तिथे बटाटा वापरला तर हरकत नाही. पण त्याच बटाट्याकडे बोट दाखवून "बघा आमचं आइस्क्रीम किती घट्ट, किती मलईदार" असं म्हणून ते विकायला लागलात तर मात्र गडबड आहे. म्हणजे रेष कुठे आहे बघा. चित्रातली जी गोष्ट बघून ग्राहक पैसे काढणार आहे, ती गोष्ट खरी हवी. बाकी तांब्याची वाटी भाड्याची आणली तरी चालेल.

तुमचं लेबलसुद्धा जाहिरात आहे

"सर, ते अमेरिकेचं झालं. आपल्याकडे कोण बघतंय?" असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'जाहिरात' या शब्दाची व्याख्या वाचा. टीव्ही, पेपर, इंटरनेट तर आहेच, पण लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा त्यात येतं. म्हणजे "आम्ही कुठे जाहिरात करतो, आम्ही तर नुसतं पाकीट छापलंय" हा बचाव चालत नाही. आणि दिशाभूल फक्त लिहिलेल्या शब्दांनीच होते असं कायदा म्हणत नाही. खोटं वर्णन आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं, दोन्ही त्यात येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

जून २०२२ मध्ये याच प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात एक नियम आपल्या रोजच्या कामाचा आहे. जो दावा ज्या भाषेत आणि ज्या अक्षरात केला, त्याची सूचनाही त्याच भाषेत, तशाच अक्षरात हवी. मराठीत मोठ्ठा दावा आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत "फोटो केवळ सादरीकरणासाठी", हे आपल्याकडे सर्रास चालतं. पण मोठ्या अक्षरात दिलेलं वचन बारीक अक्षरात काढून घेता येत नाही.

मी तुम्हाला दंडाची भीती घालत नाहीये. गल्लीतल्या चिवडेवालीच्या दारात दिल्लीहून कुणी येणार नाही, हे मलाही कळतं. पण दुकानदाराने माल परत पाठवला हा दंड त्याआधीच लागतो. त्याला नोटीस नसते आणि अपीलही नसतं.

आता खुर्ची बदला: तुम्ही ग्राहक आहात

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे मदत मागायला आलेल्या लोकांत एक मोठा गट चित्रांनी फसलेल्यांचा आहे. "घरबसल्या पेन्सिल पॅकिंग करा, महिन्याला ३०,००० कमवा." सोबत पेन्सिलींनी भरलेल्या खोलीचा आणि नोटा मोजणाऱ्या ताईंचा फोटो. आधी नोंदणीचे काहीशे रुपये, मग ओळखपत्राचे, मग कुरियरचे. पेन्सिल एकही येत नाही. "मशीन घ्या, माल आम्हीच परत विकत घेऊ." सोबत चकचकीत मशीनचा व्हिडिओ. मशीन येतं, माल तयार होतो आणि परत घेणाऱ्याचा फोन लागत नाही. "आमची फ्रँचायझी घ्या." सोबत दुकानापुढच्या रांगेचा फोटो. रांग उद्घाटनाच्या दिवशीची, चहा फुकट होता तेव्हाची.

हे लोक अडाणी नव्हते. त्यात पदवीधर होते, निवृत्त शिक्षक होते. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण त्यांनाही पाठ होती. पण म्हण पाठ असणं वेगळं आणि फोटो समोर आल्यावर हात थांबणं वेगळं. त्यासाठी मी पाच प्रश्न वापरतो. तुम्हीही वहीत लिहून घ्या.

१. हे चित्र मला काय करायला सांगतंय? पैसे भर, नंबर दे, आत्ताच घे? घाई करायला लावणारं प्रत्येक चित्र एक रात्र तसंच पडू द्या. "फक्त २ शिल्लक", "१० मिनिटांत ऑफर संपेल" असली खोटी घाई नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'डार्क पॅटर्न'च्या नियमांनुसार चुकीची पद्धत मानली जाते. दुसऱ्या दिवशी ऑफर तशीच दिसली तर समजून जा.

२. चौकटीच्या बाहेर काय आहे? रांगेच्या फोटोत तारीख नाही. मशीनच्या व्हिडिओत आवाज बंद करून गाणं टाकलंय, मग मशीन किती धडधडतं? तयार मालाचा ढीग दिसतो, पण तो किती तासांत झाला?

३. कशाच्या मानाने मोठं? एकट्या वस्तूचा फोटो तिचा आकार लपवतो. हातात धरलेला, शेजारी पाण्याची बाटली ठेवलेला फोटो मागा. द्यायला का-कू करत असेल तर तेच उत्तर समजा.

४. हे चित्र त्याचंच आहे का? गूगल लेन्समध्ये फोटो टाका. तोच 'आमचा कारखाना' आणखी चार जणांच्या पानावर दिसला तर कारखाना कुणाचाच नाही. दोन मिनिटांचं काम आहे. या दोन मिनिटांनी माझ्या एका विद्यार्थ्याचे दीड लाख वाचले.

५. पाठीमागे काय लिहिलंय? पाकीट उलटं करा. खाद्यपदार्थांच्या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पुढे आंब्याचा रसरशीत फोटो आणि मागे पहिलं पाणी, दुसरी साखर असेल, तर तुम्ही प्रामुख्याने काय विकत घेताय ते स्पष्ट आहे. २०२४ मध्ये 'एफएसएसएआय'ने कंपन्यांना पॅकबंद रसांवरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला सांगितला, आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना दूध, धान्य किंवा माल्टवर आधारित पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका असं बजावलं. त्याआधी किती वर्षं आपण ते चित्र बघून मुलांना दिलं, विचार करा.

लाज विकणारी चित्रं

काही चित्रं वस्तूचा गुण दाखवण्याऐवजी तुमच्यात काय कमी आहे ते दाखवतात. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने कित्येक वर्षं गोरं होण्याची गोष्ट सांगितली. सावळी मुलगी उदास, उजळ झाली की नोकरी, लग्न, हसू. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या 'आस्की' या संस्थेने २०१४ मध्ये सांगितलं की त्वचेच्या रंगावरून कुणाला कमी लेखू नका. २०२० मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' शब्दच काढून टाकला. पण तोवर किती घरांत मुलींनी आरशासमोर उभं राहून स्वतःला नापास केलं असेल?

हे मोठ्यांनी केलं म्हणून सांगत नाहीये. आपल्या तालुक्यातली ब्यूटी पार्लरची पानं बघा. 'आधी' आणि 'नंतर'. आधीचा फोटो पिवळ्या बल्बखाली, चेहरा पडलेला. नंतरचा रिंग लाइटमध्ये, वर फिल्टर. पार्लरवाल्या ताईंनो, तुमच्या हातात कला आहे हे मी मान्य करतो. पण फिल्टरने जे केलं त्याचे पैसे तुम्ही घेतलेत तर पुढच्या नवरीला ते हाताने करून द्यावं लागेल. आणि मुहूर्ताच्या दिवशी ते होणार नाही.

"सगळेच करतात, आम्हीच हरिश्चंद्र व्हायचं का?"

हा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो आणि तो रास्त आहे. नीतीचं सोडा, हिशोबाचं बघू.

समजा तुमचं पाकीट ८० रुपयांचं आहे. भडक फोटो बघून एका माणसाने एकदा घेतलं, फसल्यासारखं वाटलं, परत घेतलं नाही. तुमचा गल्ला ८० रुपये. तेच एखाद्या घराने पंधरा दिवसांतून एकदा घ्यायचं ठरवलं तर वर्षाला २६ पाकिटं, २,०८० रुपये. मोठ्या कंपनीकडे रोज नवा माणूस शोधायला जाहिरातीचं बजेट असतं. तुमच्याकडे काय आहे? तीन पेठा, दोन आठवडे बाजार आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप. तिथे रोज नवीन माणूस येत नाही, तोच माणूस परत येतो. आणि आला नाही तर का आला नाही, ते चार जणांना सांगतो.

शिवाय खोट्या चित्राचा फटका खोट्यालाच बसतो असंही नाही. हापूसचं बघा. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तरी हंगामात 'देवगड हापूस' असं छापलेल्या पेटीत बाहेरचा आंबा विकल्याच्या तक्रारी येतातच. पेटीवरचा आंबा तोच, नाव तेच, आतला आंबा वेगळा. एकदा आंबट निघालं की पुण्यातला ग्राहक म्हणतो, "देवगड आता पूर्वीसारखा राहिला नाही." ज्याने वर्षभर बाग राखली त्या बागायतदाराचं नाव गेलं. तुम्ही खोटं चित्र लावता तेव्हा तुमच्या शेजारच्या खऱ्या मालाची किंमतही खाली आणता.

मग फोटो कसा घ्यायचा?

मी चांगल्या फोटोच्या विरोधात नाही, हे नीट लक्षात घ्या. मातकट फोटोही एक प्रकारे खोटंच सांगतो, कारण माल तेवढा वाईट नसतो. ट्यूबलाइट बंद करा. सकाळी खिडकीजवळ किंवा दाराशी, थेट ऊन पडणार नाही अशा उजेडात ताट ठेवा. उजेडाच्या समोरच्या बाजूला एक पांढरा कार्डबोर्ड उभा करा म्हणजे सावली मऊ होते. भांडं घासून पुसून घ्या, लेन्स पुसून घ्या. एवढं सगळं करा. फक्त ताटात जे ओताल ते विक्रीच्या पाकिटातलं असू द्या.

हीच अट एआयच्या फोटोंना. पाच सेकंदांत असा चिवडा तयार होतो, जो कुठल्याच कढईत कधी परतला गेला नाही. दिवाळीच्या शुभेच्छांच्या बॅनरवर एआयची पणती लावा, कुणाचं काही जात नाही. पण मालाच्या जागी एआयचा माल लावू नका. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' अशी गत होईल.

आता त्या सांगलीच्या ताईंचं काय झालं ते सांगतो. उरलेली लेबलं त्यांनी बाजूला ठेवली. चूक माझी होती म्हणून मी छपाईचे सगळे पैसे देऊ केले, त्यांनी निम्मेच घेतले. म्हणाल्या, "सर, मीही फोटो बघून भुललेच होते की." मग एक दिवस त्यांनी स्वतःच पॅक केलेलं २०० ग्रॅमचं एक पाकीट फोडलं, दारात स्टीलच्या परातीत सगळं ओतलं आणि फोटो काढला. परातीत दिसतील तेवढेच काजू. लसूण आणि खोबरं मात्र भरपूर, कारण खरं वैभव तेच होतं. लेबलवर नाव बदललं, 'भाजक्या पोह्यांचा लसूण चिवडा'. खाली एक ओळ, 'हा फोटो याच पाकिटातल्या चिवड्याचा आहे.'

चमत्कार झाला नाही. पहिले दोन महिने तर नव्या दुकानांनी कमीच माल उचलला. पण ज्या दुकानांनी घेतला त्यांनी परत पाठवला नाही आणि हळूहळू फेरमागणी सुरू झाली. आज त्यांच्याकडे चार जणी कामाला आहेत. मोठी कंपनी झालेली नाही, पण धंदा चालू आहे, उधारी कमी आहे आणि काजूवरून कुणी भांडत नाही.

"जे दिसतं तेच विकतं" हे वाक्य मीही स्टेजवरून कितीतरी वेळा टाळ्यांसाठी म्हटलेलं आहे. आता म्हणत नाही. दिसतं ते एकदा विकलं जातं. दुसऱ्यांदा विकलं जातं ते पाकिटातून जे निघतं ते.

आजचा गृहपाठ. तुमचं स्वतःचं एक पाकीट घ्या, कापा आणि ताटात ओता. पाकिटावरचा फोटो त्या ताटाशेजारी ठेवा. आणि घरातल्या नाही, बाहेरच्या कुणाला तरी, शक्यतो तुमच्याशी गोड न बोलणाऱ्या माणसाला बोलावून एकच विचारा, "हे दोन्ही एकच वाटतं का?"

तो जर उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबला, तर नवीन लेबलं छापायला टाकू नका. आधी फोटो बदला.